सुरक्षा-पात्रता : पूर्वीचे मादक पदार्थसेवन आणि सत्यकथन

राष्ट्राचे संरक्षण किंवा परराष्ट्रव्यवहार यांच्याशी निगडित असलेली गोपनीय माहिती हाताळण्यास एखादी व्यक्ती विश्वासपात्र आहे, असा शासनाने चौकशीअंती दिलेला निर्णय म्हणजे सुरक्षा-पात्रता होय. इंग्रजीत ती ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) या पद्धतीचा सर्वाधिक विस्तार झाला. तेथे गोपनीय माहितीच्या गोपनीय, गुप्त व परमगुप्त अशा तीन श्रेणी असून श्रेणीनुसार चौकशीची व्याप्ती वाढत जाते. शासकीय सेवक, सैनिक, संरक्षणविषयक कंत्राटे घेणाऱ्या खाजगी कंपन्यांतील अभियंते, भाषांतरकार, कारागीर अशा सर्वांना ती आवश्यक असते. २०१३ मध्ये अशी पात्रता असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५१ लक्ष होती. ती नाकारली गेल्यास किंवा काढून घेतली गेल्यास बहुधा नोकरीही जाते. म्हणून हा निर्णय कोणत्या निकषांवर होतो, हा प्रश्न लक्षावधी कुटुंबांच्या उपजीविकेचा आहे.

फौजदारी खटला आणि सुरक्षा-पात्रतेचा निर्णय यांत मूलभूत फरक आहे. न्यायालय घडलेल्या कृत्याचा विचार करते आणि संशयाचा फायदा आरोपीला देते. सुरक्षा-पात्रतेच्या निर्णयात व्यक्तीच्या भावी वर्तनाचे अनुमान करावयाचे असते व शंका उरल्यास तिचा फायदा राष्ट्राच्या सुरक्षिततेला दिला जातो. हे अनुमान करण्यास मुख्यतः दोन साधने असतात : एक, उमेदवाराचे पूर्वायुष्य आणि दुसरे, त्या पूर्वायुष्याविषयी त्याने स्वतः केलेले कथन. मादक पदार्थांचे पूर्वी केलेले सेवन ही बाब या दोन्ही साधनांच्या संगमावर येते. कारण असे सेवन बहुधा एकांतात किंवा मित्रमंडळींत घडलेले असते, त्याची नोंद कोठेही नसते आणि ते शासनाला कळण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे उमेदवाराचा स्वतःचा शब्द हाच असतो. गेल्या सु. सत्तर वर्षांच्या इतिहासात सेवनाकडे पाहण्याची दृष्टी उत्तरोत्तर सौम्य झाली. असत्यकथनाकडे पाहण्याची दृष्टी मात्र कठोरच राहिली.

निष्ठापरीक्षेकडून चारित्र्यपरीक्षेकडे : दुसऱ्या महायुद्धापूर्वी अ. सं. सं.मध्ये संघीय सेवकांच्या चौकशीची सर्वंकष पद्धत नव्हती. १९३९ च्या हॅच अधिनियमाने शासन उलथून टाकण्याचा पुरस्कार करणाऱ्या संघटनांच्या सदस्यांना संघीय सेवेत मज्जाव केला. युद्धोत्तर काळात सोव्हिएट रशियाशी वितुष्ट आल्यावर अध्यक्ष हॅरी ट्रूमन (१८८४–१९७२) यांनी २१ मार्च १९४७ रोजी कार्यकारी आदेश ९८३५ काढून संघीय सेवकांसाठी निष्ठापरीक्षेचा कार्यक्रम सुरू केला. सेवक राष्ट्राशी एकनिष्ठ आहे की नाही, एवढाच त्यातील प्रश्न होता. अध्यक्ष ड्वाइट आयझनहौअर (१८९०–१९६९) यांनी २७ एप्रिल १९५३ रोजी काढलेल्या कार्यकारी आदेश १०४५० ने हा प्रश्न पुष्कळच व्यापक केला. व्यक्ती एकनिष्ठ असूनही दुबळी, व्यसनी किंवा दडपणाला बळी पडणारी असू शकते, अशी भूमिका घेऊन त्यात चारित्र्याच्या अनेक बाबी समाविष्ट करण्यात आल्या. अतिरिक्त मद्यपान आणि मादक पदार्थांचे व्यसन यांचा उल्लेख तेथे स्पष्टपणे आढळतो. त्याच आदेशात महत्त्वाच्या तथ्यांबाबत हेतुपुरस्सर केलेले असत्यकथन किंवा लपवणूक ही स्वतंत्र बाब म्हणून नमूद केली होती. अशा रीतीने पूर्ववर्तन आणि सत्यकथन हे दोन निकष प्रारंभापासूनच शेजारी शेजारी उभे राहिले.

या आदेशात लैंगिक वर्तनाचाही समावेश असल्यामुळे समलिंगी प्रवृत्तीच्या अनेक सेवकांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. गुपित फोडण्याची धमकी देऊन शत्रू त्यांच्याकडून माहिती काढून घेईल, असे कारण त्यासाठी दिले जाई. तथापि ते गुपित फुटण्याची धास्ती मुख्यतः शासनाच्याच नियमामुळे निर्माण झाली होती. नियम जितका कठोर, तितके लपविण्याचे कारण मोठे आणि जितके लपवावे तितका धोका अधिक, हे चक्र पुढे मादक पदार्थांच्या बाबतीतही प्रत्ययास आले.

ओपेनहायमर प्रकरण : सत्यकथनाच्या निकषाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे भौतिकीविज्ञ जे. रॉबर्ट ओपेनहायमर (१९०४–६७) यांचे होय. मादक पदार्थांशी या प्रकरणाचा संबंध नव्हता. परंतु पुढील काळातील निर्णयांची तर्कपद्धती त्यात स्पष्ट दिसते. अणुबाँबच्या निर्मितीचे नेतृत्व करणाऱ्या ओपेनहायमर यांच्या पात्रतेबाबत एप्रिल–मे १९५४ मध्ये त्रिसदस्य मंडळापुढे सुनावणी झाली. हाकॉन शेव्हालिए या मित्राने १९४३ च्या सुमारास त्यांच्याजवळ सोव्हिएट रशियाला माहिती पुरविण्याच्या एका मार्गाचा विषय काढला होता. ओपेनहायमर यांनी त्यास नकार दिला. तथापि सुरक्षा-अधिकाऱ्यांना हे सांगताना त्यांनी मित्राचे नाव लपवून एक बनावट हकीकत सांगितली. सुनावणीत त्यांनी ती हकीकत खोटी असल्याचे मान्य केले. मंडळाने त्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी संशय घेतला नाही. तरीही बहुमताने पात्रता न देण्याची शिफारस केली. २९ जून १९५४ रोजी अणुऊर्जा आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी ती कायम केली व तीमध्ये चारित्र्यातील दोषांवर भर दिला. मुदतीनुसार त्यांची पात्रता दुसऱ्याच दिवशी संपणार होती. अ. सं. सं.च्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी १६ डिसेंबर २०२२ रोजी सदोष प्रक्रियेच्या कारणावरून हा निर्णय रद्द ठरविला. राजकीय वैरभावाचा या प्रकरणात मोठा वाटा होता, असे इतिहासकार मानतात. असे असले, तरी अकरा वर्षांपूर्वी सांगितलेले एक असत्य हाच विरोधकांच्या हाती लागलेला सर्वांत प्रभावी पुरावा ठरला, हे नाकारता येत नाही.

प्रक्रियेचे संरक्षण : प्रारंभीच्या काळात उमेदवाराविरुद्ध कोणी काय सांगितले, हे त्याला कळत नसे. विल्यम ग्रीन या अभियंत्याची पात्रता अशाच अज्ञात साक्षींच्या आधारे १९५३ मध्ये काढून घेण्यात आली व त्याला नोकरी सोडावी लागली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काँग्रेस अथवा अध्यक्ष यांनी स्पष्टपणे दिलेल्या अधिकाराविना अशी प्रक्रिया अवलंबिता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर २० फेब्रुवारी १९६० रोजी कार्यकारी आदेश १०८६५ काढण्यात आला. त्यान्वये खाजगी उद्योगातील उमेदवारांना आक्षेपांचे लेखी निवेदन, उत्तर देण्याची संधी, सुनावणी आणि काही अपवाद वगळता प्रतिकूल साक्षीदारांची उलटतपासणी हे हक्क मिळाले. या प्रकारच्या सुनावण्या संरक्षण खात्याच्या एका स्वतंत्र कार्यालयापुढे होतात व तेथील निर्णय उमेदवारांची नावे गाळून प्रसिद्ध केले जातात. पूर्वीच्या मादक पदार्थसेवनाबाबत निर्णयाधिकारी कसा विचार करतात, हे जाणून घेण्याचे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

मादक पदार्थांचा प्रश्न : १९५३ च्या आदेशात ‘व्यसन’ हा शब्द होता. त्या काळी मादक पदार्थांचे सेवन हा समाजाच्या कडेला असलेल्या थोड्या लोकांचा प्रश्न समजला जाई. १९६० नंतरच्या दशकात हे चित्र पालटले. विद्यापीठांतील तरुणांत गांजाचे सेवन सर्रास होऊ लागले. व्हिएटनाममधील सैनिकांत हेरॉइनचा प्रसार झाल्याने १९७१ मध्ये मायदेशी परतणाऱ्या सैनिकांची मूत्रचाचणी सुरू करण्यात आली. १९७० च्या नियंत्रित पदार्थ अधिनियमाने गांजाला हेरॉइनबरोबर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचीत घातले. याउलट १९७९ च्या एका राष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील सु. ६० टक्के विद्यार्थ्यांनी गांजा निदान एकदा तरी घेतल्याचे सांगितले. एकदा केलेले सेवन कायमचे अपात्र ठरविणारे मानले असते, तर त्या पिढीतील निम्म्याहून अधिक तरुण संरक्षणविषयक कामाला मुकले असते. यामुळे ‘सेवन केले की नाही’ या प्रश्नाऐवजी केव्हा, किती, कोणत्या परिस्थितीत आणि पुन्हा घडण्याचा संभव किती, हे प्रश्न पुढे आले.

या प्रश्नाची धोक्याची बाजूही त्याच दशकात दिसून आली. कॅलिफोर्नियातील एका संरक्षण-कंत्राटदार कंपनीत गुप्त संदेशवहनाच्या कामावर असलेला ख्रिस्तोफर बॉइस हा तरुण व त्याचा बालमित्र अँड्रू डॉल्टन ली यांना १९७७ मध्ये सोव्हिएट रशियासाठी हेरगिरी केल्याबद्दल अटक झाली. ली हा मादक पदार्थांचा व्यापार करीत असे व गुप्त कागदपत्रे मेक्सिको सिटीतील सोव्हिएट वकिलातीत पोहोचविण्याचे काम त्याने केले. तरुण उमेदवाराच्या सोबत्यांचा व सवयींचा विचार चौकशीत का करावा लागतो, याचे हे प्रकरण उदाहरण ठरले. निमिट्झ या विमानवाहू जहाजावर २६ मे १९८१ रोजी झालेल्या विमान-अपघातात १४ जण मरण पावले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश आढळल्यावर, अपघाताचे कारण वादग्रस्त राहिले तरी, नौदलाने मादक पदार्थांविरुद्ध अत्यंत कडक धोरण स्वीकारले.

सार्वजनिक जीवनातही हा प्रश्न गाजला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नाव सुचविले गेलेले डग्लस गिन्सबर्ग यांनी विद्यार्थिदशेत व पुढे प्राध्यापक असताना गांजा घेतल्याचे मान्य केल्यावर ७ नोव्हेंबर १९८७ रोजी त्यांना माघार घ्यावी लागली. पाच वर्षांनंतर बिल क्लिंटन यांनी अध्यक्षपदाच्या प्रचारात तरुणपणी गांजा ओढून पाहिल्याचे, पण धूर आत न घेतल्याचे सांगितले व ते निवडून आले. लोकांनी कृत्याकडे दुर्लक्ष केले. थट्टा झाली ती त्या अर्धवट कबुलीची.

चाचण्या व न्यायालयीन निर्णय : अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १५ सप्टेंबर १९८६ रोजी काढलेल्या कार्यकारी आदेश १२५६४ ने संघीय सेवकांना कामावर असताना व नसतानाही बेकायदेशीर मादक पदार्थांचे सेवन निषिद्ध केले आणि संवेदनशील पदांसाठी चाचण्यांची तरतूद केली. या आदेशातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. सेवनाचा अन्य मार्गाने शोध लागण्यापूर्वी जो सेवक आपण होऊन ते सांगेल, समुपदेशन अथवा पुनर्वसन स्वीकारेल व पुढे सेवन टाळेल, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई केलीच पाहिजे, असे बंधन अभिकरणावर राहिले नाही. कडक धोरणातही कबुलीसाठी एक दार उघडे ठेवणे शासनाला आवश्यक वाटले.

१९८८ मध्ये नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुरक्षा-पात्रता हा कोणाचाही हक्क नाही आणि तिच्या गुणावगुणांचा फेरविचार करण्याचा अधिकार सेवकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाला नाही, असे ठरविले. टॉमस ईगन हा पाणबुड्यांच्या दुरुस्तिकेंद्रातील कामगार होता. हल्ला व शस्त्र बाळगणे यांबद्दलचे गुन्हे आणि पूर्वीचे मद्यपान यांबरोबरच, आणखी दोन जुन्या शिक्षा त्याने नोकरीच्या अर्जात नमूद केल्या नाहीत, हेही त्याची पात्रता नाकारण्याचे एक कारण होते. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जकात खात्यातील सेवकांच्या चाचण्या ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरविल्या. मात्र गोपनीय कागद हाताळणाऱ्या सेवकांच्या वर्गात नेमके कोण मोडतात, हा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे परत पाठविला.

समग्र व्यक्तीचा विचार : २ ऑगस्ट १९९५ रोजी निघालेल्या कार्यकारी आदेश १२९६८ ने निरनिराळ्या खात्यांतील पद्धतींत एकसूत्रीपणा आणला. केवळ लैंगिक प्रवृत्तीवरून किंवा मानसिक आरोग्यासाठी घेतलेल्या सल्ल्यावरून प्रतिकूल अनुमान करण्यास त्याने मनाई केली. त्याला अनुसरून १९९७ मध्ये निर्णयाची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, २००५ मध्ये ती सुधारण्यात आली आणि ८ जून २०१७ पासून राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या निर्देशान्वये नवी आवृत्ती लागू झाली. त्यांत १३ तत्त्वे असून मादक पदार्थांविषयी एक व वैयक्तिक वर्तन, म्हणजे मुख्यतः प्रामाणिकपणा, यांविषयी एक अशी दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत.

निर्णय घेताना ‘समग्र व्यक्ती’ लक्षात घ्यावी, असे या तत्त्वांत म्हटले आहे. कृत्याचे स्वरूप व गांभीर्य, सभोवतालची परिस्थिती, वारंवारता व लोटलेला काळ, त्या वेळचे वय व परिपक्वता, कृत्यातील स्वेच्छा, हेतू, सुधारणा, दडपणाला बळी पडण्याचा संभव आणि पुनरावृत्तीचा संभव या नऊ बाबी त्यासाठी तपासल्या जातात. सेवन फार पूर्वीचे किंवा क्वचित असणे, मादक पदार्थ घेणाऱ्या सोबत्यांपासून दूर होणे, पुन्हा सेवन केल्यास पात्रता जाईल हे मान्य करून लेखी प्रतिज्ञा देणे, उपचारक्रम पूर्ण करणे या गोष्टी उमेदवाराच्या बाजूने धरल्या जातात. याउलट पात्रता मिळाल्यानंतर केलेले सेवन व यापुढेही सेवन करण्याचा व्यक्त केलेला हेतू या गोष्टी फार गंभीर समजल्या जातात. कारण तेथे प्रश्न जुन्या सवयीचा नसून दिलेला शब्द मोडण्याचा असतो.

या लवचिक पद्धतीला छेद देणारा प्रयत्नही झाला. २००० मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या व ‘स्मिथ दुरुस्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने संरक्षण खात्यापुरते काही वर्ग सरसकट अपात्र ठरविले. एक वर्षाहून अधिक कारावासाची शिक्षा झालेल्यांचा, तसेच मादक पदार्थांचे विद्यमान बेकायदेशीर सेवन करणाऱ्यांचा त्यांत समावेश होता. २००८ मध्ये तिच्या जागी ‘बाँड दुरुस्ती’ आली. तिने विद्यमान सेवनावरील बंदी सर्व संघीय अभिकरणांना लागू केली. मात्र जुन्या शिक्षांवर आधारलेली बंदी अतिसंवेदनशील कार्यक्रमांपुरती मर्यादित ठेवली. विद्यमान सेवन आणि पूर्वीचे सेवन यांतील भेद अशा रीतीने कायद्यानेच रेखाटला.

प्रपत्र व सत्यकथन : उमेदवाराला भरून द्यावे लागणारे प्रपत्र क्रमांक ८६ हे शंभराहून अधिक पृष्ठांचे आहे. त्यात मागील सात वर्षांतील मादक पदार्थसेवनाची माहिती विचारलेली असते. पात्रता असताना केलेल्या सेवनाला मात्र कालमर्यादा नाही. प्रपत्रावर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघीय गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. सेवनाविषयी खरे लिहिल्यास ते उत्तर वा त्यातून मिळालेली माहिती उमेदवाराविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, असे आश्वासन त्याच ठिकाणी दिलेले असते. सत्य सांगणाऱ्याला तुरुंगाची भीती राहू नये, हा त्याचा उद्देश होय. नोकरीची शाश्वती मात्र हे आश्वासन देत नाही आणि उमेदवाराच्या मनातील खरी ओढाताण येथेच सुरू होते.

ही ओढाताण बहुधा एकाच रीतीने प्रकट होते. विद्यार्थिदशेत काही वेळा गांजा घेतलेला तरुण प्रपत्र भरताना, ही गोष्ट कोणालाच माहीत नाही, असे समजून ‘नाही’ असे उत्तर देतो. पुढे चौकशी-अधिकाऱ्याशी झालेल्या मुलाखतीत, मित्राच्या साक्षीतून किंवा दुसऱ्या एखाद्या अभिकरणाच्या असत्यशोधक यंत्राच्या चाचणीपूर्वी ती गोष्ट बाहेर येते. मग जे सेवन कालांतराने गौण ठरले असते, त्याच्या जोडीला शासनाशी केलेले असत्यकथन उभे राहते आणि ते नवे, प्रौढ वयातील व हेतुपुरस्सर असते. तारुण्य व लोटलेला काळ या सबबी सेवनाला लागू पडतात. असत्यकथनाला त्या लागू पडत नाहीत. म्हणून सेवनाचा आक्षेप दूर होऊनही प्रामाणिकपणाच्या आक्षेपावर पात्रता नाकारली गेल्याची उदाहरणे प्रसिद्ध निर्णयांत आढळतात. चूक सुधारण्याची वाटही तत्त्वांत दाखविली आहे : शासनाने पुराव्यासह विचारण्यापूर्वी उमेदवाराने तत्परतेने व सद्‌भावनेने आपले विधान दुरुस्त केल्यास त्याचा दोष सौम्य मानला जातो. विचारल्यानंतर दिलेल्या कबुलीला ते मोल राहत नाही.

असत्यशोधक यंत्राच्या विश्वसनीयतेबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अ. सं. सं.च्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात सुरक्षेसाठी सेवकांची सरसकट चाळणी करण्यास हे यंत्र पुरेसे अचूक नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणजे सत्य मिळविण्याचे यांत्रिक साधन अपुरे असून शासनाला अखेर उमेदवाराच्या शब्दावरच विसंबावे लागते.

गांजाविषयक कायद्यांतील विसंगती : कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी उपयोगासाठी आणि कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये प्रौढांच्या सर्वसाधारण उपयोगासाठी गांजाला मान्यता दिली. पुढे अनेक राज्यांनी त्यांचे अनुकरण केले. संघीय कायद्यात मात्र बंदी कायम राहिल्याने, घटक राज्याच्या कायद्याने मोकळीक असलेली गोष्ट संघीय पात्रतेच्या दृष्टीने निषिद्ध ठरू लागली. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी २०१४ मध्ये, घटक राज्यांच्या कायद्यांमुळे संघीय निकष बदलत नाहीत, असे स्पष्ट केले. त्यांच्या पदावर पुढे आलेल्या ॲव्हरिल हेन्स यांनी डिसेंबर २०२१ मध्ये, गांजाचे पूर्वीचे सेवन ही विचारात घेण्याजोगी पण निर्णायक नसलेली बाब आहे, असे मार्गदर्शन केले. प्रपत्रावर सही केल्यानंतर मात्र सेवन टाळावे, असा सल्ला उमेदवारांना देण्यास अभिकरणांना सांगितले. २०२४ मध्ये संघीय न्यायखात्याने गांजाला पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत हलविण्याचा प्रस्ताव मांडला.

नोकरभरतीच्या नियमांतही हाच बदल दिसतो. एफ्. बी. आय. या अन्वेषणसंस्थेत पूर्वी पंधराहून अधिक वेळा गांजा घेतलेला उमेदवार कायमचा बाद होत असे. २००७ मध्ये मोजणीचा हा नियम जाऊन मागील तीन वर्षांत सेवन नसावे, असा नियम आला. २०२१ मध्ये ही मुदत एक वर्षावर आणण्यात आली. वर्षांपूर्वीच्या घटनांची अचूक मोजदाद कोणालाच करता येत नाही आणि सोळाव्या वेळेला पंधरावी म्हणण्याचा मोह नियमच निर्माण करतो, ही जुन्या नियमातील मुख्य अडचण होती.

कबुलीची जपणूक : शासन जेव्हा नागरिकाकडून त्याचे गुपित मागते, तेव्हा ते जपण्याची जबाबदारीही शासनावर येते. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या २८ कर्मचाऱ्यांनी मादक पदार्थांवरील उपचार व समुपदेशन यांविषयीच्या प्रश्नांना आव्हान दिले होते. त्यांपैकी कोणीही गोपनीय काम करीत नव्हते. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रश्न वैध ठरविले व त्यासाठी, मिळालेली माहिती उघड होऊ नये म्हणून कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा आधार घेतला. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१५ मध्ये, संघीय कर्मचारी-व्यवस्थापन कार्यालयाच्या संगणकांतून पूर्वचौकशीच्या नोंदी चोरीस गेल्याचे उघडकीस आले. सु. २ कोटी १५ लक्ष व्यक्तींची माहिती व ५६ लक्ष व्यक्तींच्या बोटांचे ठसे त्यांत होते. ज्या कबुलीमुळे उमेदवाराला धमकावणे अशक्य व्हावे, ती कबुलीच परकीयांच्या हाती पडण्याची वेळ आली. तथापि एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे : ज्याने खरे लिहिले होते त्याचे गुपित शासनाला आधीच ठाऊक असल्याने ते उघड करण्याच्या धमकीत फारसा जोर उरत नाही. खोटे लिहिणारा मात्र अशा धमकीपुढे असहाय ठरतो.

अन्य देश : ब्रिटनमध्ये क्लाउस फुक्स या अणुशास्त्रज्ञाला हेरगिरीबद्दल १९५० मध्ये शिक्षा झाल्यानंतर १९५२ पासून संवेदनशील पदांसाठी उमेदवाराची सखोल चौकशी करण्याची पद्धत अंमलात आली. भारतात गोपनीय माहितीचे संरक्षण १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमान्वये होते व शासकीय सेवेत प्रवेश करणाऱ्यांच्या पूर्ववृत्ताची पडताळणी साक्षांकन-प्रपत्र आणि पोलिसांचा अहवाल यांच्या आधारे केली जाते. अटक, खटला वा शिक्षा यांविषयीचे प्रश्न त्या प्रपत्रात असतात. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा लपवणुकीसंबंधीची तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती सत्य असावी व तीत काही लपविलेले नसावे. मात्र तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक बाबीची लपवणूक नियोक्त्याला आपल्या विवेकाने क्षम्य मानता येईल, असे न्यायालयाने म्हटले. येथे लपवणुकीचे वजन लपविलेल्या गोष्टीच्या गांभीर्यावरून ठरविण्याची मुभा आहे. अमेरिकन पद्धतीत असत्यकथन हा बहुधा स्वतंत्र व अधिक जड दोष समजला जातो.

मूल्यमापन : या पद्धतीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली आहे. काहींच्या मते जुन्या सेवनाला क्षमा करणे म्हणजे कायदाभंगाकडे डोळेझाक करणे होय. इतरांच्या मते सत्य सांगणाऱ्याला चौकशी, विलंब व कधी नकारही सोसावा लागतो, तर चतुराईने लपविणारा निर्वेधपणे पुढे जातो. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पकडल्या न गेलेल्या असत्याची गणती कोणत्याही निर्णयात होत नाही आणि प्रामाणिक उमेदवाराला त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागल्याचीही उदाहरणे आहेत. परंतु गोपनीय माहिती सोपविण्याचा व्यवहार मुळात विश्वासाचा आहे. आपली चूक, अपघात किंवा कागद हरवल्याची घटना कोणी पाहिलेली नसतानाही वरिष्ठांना कळविणारा मनुष्य शासनाला हवा असतो आणि त्याची पहिली परीक्षा प्रपत्रातील नकोशा प्रश्नापाशी होते. ही परीक्षा न्याय्य ठरावयाची असेल, तर सत्य सांगणाऱ्याला पुढे जाण्याची वाट खरोखरच मोकळी असली पाहिजे. सेवनाबाबतचे नियम टप्प्याटप्प्याने सौम्य होण्यामागे उदारपणाचा भाग थोडा असून, भयाने मिळणाऱ्या उत्तरांवर सुरक्षितता उभारता येत नाही, हा दीर्घ अनुभवाने आलेला धडा त्यामागे आहे.